साखळी कुणीच ओढली नव्हती

आज दुपारी गाडीनं पिपरिया स्टेशन सोडलं तेव्हा खिडकीतून एक फोटो काढून मी आपल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. लगेच गयाबाईचं उत्तर आलं, "इथंच आमी तुझ्यासाठी साखळी वढली होती, आठवतंय का?" खाली जोडलेल्या हातांची चित्रं. गयाबाई, ताडकळसच्या बाजारात तुझी बांगड्यांची पाटी आणि माझं मिरच्यांचं पोतं उभ्या हयातीत शेजारी शेजारी राहिलं. तुझ्याएवढी जुनी मैत्रीण मला दुसरी नाही. पण हे खोटं मी लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं, आणि दर वेळी दात आवळून गप्प बसले. आज तू ते लिहून टाकलंस. म्हणून मीही लिहिते. काशी अजून लांब आहे, आणि चौथीपर्यंत का होईना, शाळा मीही शिकले आहे.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा सगळा मराठवाडा धुमसत होता. कधी एस.टी. बंद, कधी बाजार बंद. गावागावांत माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागली होती. त्याच दिवसांत माझे मालक गेले. तेरावं झालं आणि थोरले दीर देव मागायला आले. सासू-सासरे शेवटपर्यंत आमच्याजवळ राहिले, म्हणून घरचे टाक आमच्या देव्हाऱ्यात होते. खंडोबा, भवानी आणि घराण्याचा वीर, चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले. सासूनं जाताना ते माझ्या ओटीत घातले होते. दीर म्हणाले, "तुझ्याच कपाळाला कुंकू न्हाई, तू देवाला काय लावणार?" हे वाक्य ते भावकीसमोर बोलले. मी मान खाली घातली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण मान खाली घालणाऱ्या बाईला बाजारात कुणी भाव देत नाही. मी म्हणाले, "भाऊजी, देव मी काशीला नेते. माझ्या हातानं गंगेत न्हाऊ घालते. गंगामाईनं मला ढकलून दिलं तर तुमी म्हणता ते खरं." चारचौघांत त्यांना नाही म्हणता येईना. उठताना एवढंच म्हणाले, "जा. एक जरी टाक कमी आला तर या घराचा उंबरा वलांडू देणार न्हाई."

खरं सांगायचं तर देवावर माझा विश्वास होता, भरवसा नव्हता. गिऱ्हाइकाचा डोळा बघून मी त्याच्या मनातला भाव ओळखते, पण टाकातल्या त्या बारीक डोळ्यांकडे कितीही बघितलं तरी काही कळत नसे. रोज नैवेद्य माझ्या हातचा घ्यायचा आणि कुंकूही माझंच पुसायचं, हा कुठला व्यवहार? चिंच लावून टाक घासताना मी देवाशी भांडायची. काशीला निघाले ती भक्तीनं नव्हे. दिराच्या नाकावर टिच्चून देव घरी आणायचे, एवढंच डोक्यात होतं.

बरोबर गयाबाई आणि शांताबाई. पूर्ण्याहून लहान रुळाची गाडी, मग खांडव्याला बदलून मोठी गाडी. डब्यात खिडकीजवळ पांढऱ्या मिशांचा एक धोतरवाला म्हातारा बसला होता. मला देवांचं गाठोडं खिडकीकडे, पायांपासून दूर ठेवायचं होतं. मी म्हणाले, "सरको बाबा, हमारे पास देव है."

"देव को भी खिड़की चाहिए?"

"होना. होना म्हणजे होना!"

आमची ती दखनी ऐकून तो हसला, उठला आणि वरच्या फळीवर जाऊन झोपला. मला वाटलं, जिंकले.

पिपरियाला गाडी थांबली आणि मी पेरू घ्यायला उतरले. पेरूवाली म्हातारी चिवट होती, मीही चिवट. ती खाली येईना, मी वर जाईना. तेवढ्यात शांताबाई ओरडली, "अगं ये बया, गाडी हलायली!" मी धावले. दांड्याला हात लागलाही, पण लुगड्यात पाय अडकला आणि गुडघ्यावर आपटले. डोळ्यांसमोरून शेवटचा डबा गेला. गाठोडं गाडीत. त्यात देव, तिकीट, पैसे, सगळं; कनवटीला नुसती पेरूपुरती चिल्लर.

फलाटावर बसून मी आधी गयाबाईला शिव्या दिल्या, मग दिरांना, मग खंडोबाला. गुडघ्यातून रक्त येत होतं. पेरूवालीनं एक पेरू माझ्या हातात ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तो पेरू हातात धरून मी नवस बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की देवाला कबूल करावं असं माझ्याजवळ काहीच उरलेलं नाही. सौदा करायला दोन्ही बाजूंना काहीतरी लागतं. मालक गेले होते, आता देवही गेले. तेव्हा नुसतं म्हणाले, "आता तूच बघ बाबा." असं मी जन्मात कुणाला म्हणाले नव्हते. म्हटल्यावर रडू आलं, आणि रडून झाल्यावर कितीतरी दिवसांनी छाती हलकी झाली.

उन्हं कलली तेव्हा उलट दिशेची एक पॅसेंजर आली. तिच्यातून तोच पांढऱ्या मिशांचा म्हातारा उतरला. डोक्यावर माझं गाठोडं, पाय अनवाणी. मी त्याला बस म्हणाले नाही की पाणी विचारलं नाही. गाठोडं खाली घेतलं आणि आधी देव तपासले. तो कमरेवर हात ठेवून हसत होता. "देख लो, माई, ठीक से देख लो." सगळे होते. मगच मी त्याच्या पाया पडले.

त्यानं हकीकत सांगितली. तुमच्या रडण्यानं तो जागा झाला. "मैंने पूछा, जंजीर क्यों नहीं खींची? बोलीं, जुर्माना कौन भरेगा?" गयाबाई, हे त्याचे शब्द. दुसऱ्याच्या घरच्या देवाला हात लावायची तुमची हिंमत होईना, आणि तिकिटावाचून मी कुठं अडकेन हे त्याला दिसत होतं. देव उचलायचे म्हणून त्यानं चपला काढल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि पुढच्या स्टेशनावर उतरला. घाईत चपला बाकाखालीच राहिल्या. मी म्हणाले, बाहेर बाजार आहे, चपला घेऊन देते, भाव मी करते. तो म्हणाला, "रहने दो, माई. मैं तो कटनी तक ही जाऊँगा. मैं नहीं तो मेरी चप्पल ही काशी देख ले."

मागच्या गाडीनं आम्ही निघालो. वाटेत त्यानं माझी भाकरी खाल्ली, ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी उतरताना थोडा ठेचा बांधून मागितला. म्हणून मी त्याला देव म्हणत नाही. आमचा खंडोबा ठेच्यानं रडला नसता. पण माझी हाक गेली कुठं आणि हा आला कुठून, एवढं जुळवायला मला अजून जमलेलं नाही, आणि आता मी ते जुळवतही नाही.

काशीच्या स्टेशनावर तुम्ही दोघी बसून होता. मला बघताच गयाबाई गळ्यात पडली, "बाई गं, साखळी वढली, पण गाडी थांबलीच न्हाई!" शांताबाईनं खाली बघितलं आणि पिशवीतून त्याच्या चपला काढून माझ्यापुढं ठेवल्या. टाचा झिजलेल्या, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हातानं देव न्हाऊ घातले. गंगेनं मला ढकललं नाही. मग त्या चपलाही धुतल्या. तुम्ही "अगं अगं" करत राहिलात, मी धूत राहिले.

घरी आले आणि देव्हाऱ्यात देव मांडले. खाली पाटावर त्या चपला. दीर आले, देव बघितले, मग चपला.

"देवाजवळ चपला? कुणाच्या हाईत?"

"देव ज्याच्या डोक्यावर बसून माझ्याकडं आले, त्याच्या."

"कोणत्या जातीचा होता?"

"मी इचारलं न्हाई. देवानंबी इचारलं न्हाई. भाऊजी, देव न्यायचे तर खुशाल न्या. पर ह्याबी न्याव्या लागतील, आन् दोघांची पूजा रोज करावी लागंल."

दिरांचा हात पुढं झाला नाही. परत गेले ते देव मागायला पुन्हा कधी आले नाहीत.

आज ते देव माझ्या मांडीवर आहेत आणि शेजारी त्या चपलाही. गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून एकदा सगळ्यांना पुन्हा गंगा दाखवून आणते आहे. पिपरिया आलं तेव्हा मी पायातल्या चपला काढल्या आणि गाडी हलेपर्यंत हात जोडून बसले. स्वभाव काही गेला नाही. मिरचीचा भाव मी आजही सोडत नाही. पण दिवस मावळला की देव्हाऱ्यापुढं बसून म्हणते, "आता तूच बघ," आणि मग खरंच झोप लागते.

तुम्ही साखळी ओढली असती तर मी धापा टाकत डब्यात चढले असते, देव तसेच मांडीवर राहिले असते, आणि माझं त्यांच्याशी भांडणही तसंच राहिलं असतं. गयाबाई, तू साखळी ओढली नाहीस, हे तुझे माझ्यावर उपकार आहेत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ओढली होती" असं सांगत ते पुसून टाकू नकोस.