जेवल्यावर घ्यायची गोळी

आईच्या बोटांची वाट संधिवाताने अर्धी लावली. उरलेली अर्धी माझ्या शहाणपणाने.

वडील गेल्यापासून ती तिरोड्याजवळच्या गावी एकटी राहायची, मी गोंदियात. आजाराचं निदान झालं तेव्हा तिने डॉक्टरांना एकच गोष्ट विचारली होती, "माह्या हातानं जेवाले तं येईन ना?" गोळी नियमित घेतली तर येईल, असं डॉक्टर म्हणाले. आठवड्यातून एकदा, दर रविवारी, जेवल्यावर.

वर्षभर तिने ती घेतली. सूजही उतरली होती. पण मला तेवढ्यावर चैन कुठे! मोबाइलवर एक बाई सांगत होती, की रक्त तपासून न सोसणारे पदार्थ कळतात आणि ते सोडले की सांधे मोकळे होतात. मी आईला ओढत तपासणीला नेलं. छान रंगीत अहवाल आला. लाल रकान्यात तांदूळ, दूध, वांगी. लॅबवाला म्हणाला, "चावल बिलकुल बंद." डॉक्टरांना मी विचारलं नाही, कारण मला त्यांचं मत नकोच होतं.

धानाच्या मुलखातल्या बाईचा भात मी तोडला. ती कुरकुरली नाही, ज्वारीची भाकर चावत राहिली. रोज दुपारी मी फोनवर विचारायची, "जेवलीस का?"

"नाई व, भाकर खाल्ली."

मला वाटायचं, टोमणा मारतेय. हसून फोन ठेवायची. मधे दोनदा गेले, तेव्हाही घरात भात शिजलेला नाही ना, एवढंच पाहिलं.

दिवाळीला गेले तर तिला आतली कडी काढता येईना. कशीबशी तळहाताने ढकलून काढली. बोटं टम्म सुजलेली, करंगळीकडे कलंडलेली. फळीवर गोळ्यांची पाकिटं होती, न फोडलेली. मी ओरडलेच, "गोल्या काऊन नाई खाल्ल्या?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "जेवल्यावर खावाची होती ना? मी जेवलो कोठी? तूच तं भात बंद केली."

"आन भाकर?"

"भाकर मंजे का जेवन होय?"

आमच्याकडे भात म्हणजेच जेवण. भाकर, पोळी, पोहे, काहीही पोटभर खा, भात पानात पडला नाही तर माणूस जेवला नाही. मी त्याच घरात वाढले, आणि मला हे कळू नये! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

डॉक्टरांनी तो रंगीत अहवाल पाहून बाजूला सारला. या आजारात असल्या कागदावरून कुणाचं अन्न तोडायचं नसतं, म्हणाले. गोळी पुन्हा सुरू केली. सूज उतरेल, पण बोटं वाकली ती वाकली.

आईला मी गोंदियाला घेऊन आले. पहिल्या रविवारी तिच्यापुढे भात वाढला. तिने घास उचलला, शितं ताटात सांडली. पुन्हा उचलला, पुन्हा सांडली. मग तिने हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता तोंड उघडलं. मी भरवत गेले. भात संपल्यावर म्हणाली,

"आता जेवलो. दे गोली."