गेनूभाऊंनी बसवलेला जेट

मी रोग्याला जीभ दाखवायला सांगायचो, तसे गेनूभाऊ माझ्या मोटारीचा प्लग काढून उजेडात धरायचे. तो बिस्किटी रंगाचा दिसला की समाधानाने परत बसवायचे. मूळचे भाजे गावचे हे मिस्त्री लोणावळ्यात लहानसं गॅरेज चालवत. माझ्याहून वयाने मोठे, बोलणं मोजकं. "इंजान उपाशी ठिऊ नगा," एवढं मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत.

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनांवर आलं. मला रोगी पाहायला थेट सोमाटण्यापर्यंत जावं लागे. आठवड्याचं पेट्रोल चार दिवसांत संपायचं. कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी तोटी, म्हणजे जेट, बारीक भोकाचा बसवा, पेट्रोल कमी जळेल, असं मी गेनूभाऊंना सुचवलं. त्यांनी दोनदा नकार दिला. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की आतली आच वाढते, धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, करपतात, असं समजावलंही. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "गाडी माझी आहे आणि रोगीही माझेच आहेत." त्यांनी मुकाट्याने जेट बसवला.

तीन महिने गाडी छान चालली. प्लग पांढराफटक निघू लागला होता, तो त्यांनी मला आणून दाखवला. मी हसण्यावारी नेलं.

आश्विनात एका दुपारी इंदुरीहून निरोप आला. गेनूभाऊंची मुलगी सगुणा बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. आम्ही दोघे तसेच निघालो. कामशेतजवळच्या चढावर गाडीचा जोर गेला. फटफटत ती बंद पडली. गेनूभाऊंनी पुढचं हँडल फिरवून पाहिलं. दोन सिलिंडरांत दाबच उरला नव्हता.

"वॉल जळलं," ते म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालू लागले.

पुढे एक बैलगाडी मिळाली. इंदुरीला पोचलो, तेव्हा सगुणेला अंगणात आणून ठेवलं होतं. आत तान्हं रडत होतं. महिन्याभरात तेही गेलं.

सगुणेचे दिवस झाल्यावर गेनूभाऊ आले. नव्या झडपा घासून बसवल्या, मोठा जेट परत घातला. मी माफी मागू लागलो, तर त्यांनी थांबवलं.

"इंजान मला कळत व्हतं, डाक्टर. बसवला मी."

त्यानंतर त्यांनी गॅरेज बंद केलं आणि भाज्याला दुसऱ्यांच्या भातखाचरांत रोजाने जाऊ लागले. दोन वर्षांनी तापाने वारले. मला कळलं ते आठ दिवसांनी. मी त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या बायकोला विचारलं, ताप आला तेव्हा मला का बोलावलं नाही?

ती म्हणाली, "तेच नगं म्हनले."