‘एस. पाटील’चं पुरं नाव

सकाळी आप्पांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, विद्याताईंनीच लावायला सांगितलाय. एखादं काम माझ्याकडे अडलं की त्या नवऱ्याला फोन करायला लावत. पण आप्पा एवढंच म्हणाले, "झोपेतच गेली गं..." पलीकडून राजारामपुरीतला रस्ता जागा होत असल्याचे आवाज येत होते. त्याला आता महिना उलटून गेला.

विद्याताई चौगुले मूळच्या जयसिंगपूरच्या. कोल्हापुरात महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर आमच्या प्रकाशनाची पुस्तकं छापायला जाण्याआधी तपासायला लागल्या. मी भाषा बघायची, त्या संदर्भ. लेखक हल्ली संदर्भ हातानं लिहीत नाहीत. संगणकातल्या एका सॉफ्टवेअरमध्ये पुस्तकांच्या, लेखांच्या नोंदी साठवून ठेवतात. मग मजकुरात कंसातलं नाव आणि शेवटची यादी आपोआप उमटते. सगळे स्वल्पविराम जागच्या जागी. ती यादी बघून मला हायसं वाटायचं. ताई म्हणायच्या, "इस्त्री झकास झालीय. आता सदरा कुणाचा ते बघू." आणि मूळ लेख मागवायला बसायच्या. ऊन उतरलं की मात्र काम बंद. दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम होता, आणि मी बसलेली असले तर माझंही ताट व्हायचं.

एकदा कागलच्या एका तरुण प्राध्यापकाचं पुस्तक आलं, गुऱ्हाळांवर राबणाऱ्या बायकांबद्दलचं. छान लिहिलं होतं. त्यात एक उतारा होता, ‘मी पहिल्यांदा गुऱ्हाळावर गेले तेव्हा माझ्या कडेवर मूल होतं...’ आणि खाली संदर्भ होता, सुरेश पाटील. ताईंनी चष्मा वर केला. "मंजू, हे सुरेशराव कधीपासनं ‘गेले’ म्हणायला लागले?"

आम्ही दोघी हसलो खऱ्या, पण त्यांनी तो कागद बाजूला काढून ठेवला. प्राध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या नोंदीत नुसतं ‘एस. पाटील’ होतं, ह्याच विषयावर लिहिणारे सुरेश पाटील माहीत होते, म्हणून तेच नाव भरलं. ताईंनी तो लेख ज्यात आला होता तो मासिकाचा जुना अंक मिळवला. त्यातही ‘एस. पाटील, नेसरी’ एवढंच. छपाईची तारीख तोंडावर आली होती. मी म्हटलं, ‘एस. पाटील’च ठेवू, चूक तर होणार नाही. त्या म्हणाल्या, "चूक न्हाय व्हायची. पण बाई जायची."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं नेसरीला गेलो. चार घरं विचारत विचारत एका दारात पोचलो. माझ्याच वयाची एक बाई बाहेर आली. ताईंनी लेखाची प्रत तिच्या हातात दिली. तिनं उभ्यानंच दोन ओळी वाचल्या आणि उंबऱ्यावर बसली.

"आईनं लिवलंय हे. शकुंतला. कडेवरची मीच की... आई जाऊन लई वर्षं झाली. पर हे छापून आलतं, हे आमास्नी कुणी सांगितलंच न्हाय."

ताई तिच्याशेजारी उंबऱ्यावरच टेकल्या. किती तरी वेळ दोघी त्या दोन पानांवर वाकून होत्या.

परत आल्यावर मी मजकुरात नाव दुरुस्त केलं आणि फाईल पाठवली. प्राध्यापकांनी सॉफ्टवेअरमधून यादी नव्यानं तयार केली, तर सुरेशराव पुन्हा हजर. मला रडू यायचं बाकी होतं. ताई शांत होत्या. "वरनं खोडून काय उपयोग? जिथं साठवलंय तिथं बदलायला पायजे." प्राध्यापक लॅपटॉप घेऊन मोटारसायकलवरून कागलहून आले. त्यांच्या संगणकातली मूळ नोंदच ताईंनी त्यांच्याकडून बदलून घेतली. यादी पुन्हा उमटली, आणि त्यात ‘पाटील, शकुंतला’ आल्या. प्राध्यापक म्हणाले, "नेसरीला पहिली प्रत मी स्वतः नेऊन देतो." आणि ते खरंच गेले.

गेल्या आठवड्यात आप्पांनी बोलावलं. ताईंनी हातात घेतलेलं एक पुस्तक अर्धंच राहिलं होतं. मी यादी घेऊन बसले, आणि आप्पा ताईंच्या खुर्चीवर. आयुष्यभर ऊस पिकवलेला माणूस. म्हणाले, "तू यादी बघ. मजकुरातली नावं मी वाचतो. मी नेहमी वाचून दाखवायचो तिला."

ते मोठ्या आवाजात, सावकाश वाचत गेले. मी एकेका नावापुढे खूण करत होते. एका जागी ते थांबले. मला वाटलं, भरून आलं असेल. पण ते कागद डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"मंजू, हे ‘व्ही. कांबळे’... ही बाई हाय का बापय?"

"माहीत नाही, आप्पा."

त्यांनी पान दुमडून बाजूला ठेवलं. "मग बघायला पायजे," म्हणाले, आणि पुढचं नाव वाचायला लागले.