वधूकक्षातल्या बॉडीबिल्डर

पार्लरमध्ये दिवसभर केस साचतात, तसे किस्सेही साचतात. केस संध्याकाळी झाडून टाकता येतात, किस्से मात्र माझ्याबरोबर घरी येतात. भाजी चिरताना एखादा आठवतो, मी एकटीच हसते, आणि नवरा पेपरामागून विचारतो, "आज कुणाचा?" त्यातही बॉडीबिल्डिंगवाल्या बायकांचे किस्से आता इतके झालेत, की किटी पार्टीत मला कुणी धड खाऊ देत नाही. आधी सांग, मग खा!

तर ऐका.

*

माझं पार्लर लोणावळ्यात, तुंगार्लीत. गिऱ्हाइकं म्हणजे नवऱ्यामुली, त्यांच्या करवल्या आणि वीकएंडला बंगल्यांवर येणाऱ्या मॅडम. एका दुपारी जिमचे नंदू सर दारात येऊन उभे राहिले. 'ओन्ली लेडीज' लिहिलेलं, म्हणून पाऊल आत टाकेनात. तिथूनच म्हणाले, "ताई, तुमच्याकडं रंग लावून मिळंल का?"

"मिळेल की. अमोनियाचा की बिनअमोनियाचा?"

"केसाला न्हाई ओ ताई. बाईला! अख्ख्या बाईला!"

मग त्यांनी समजावून सांगितलं. स्टेजवरच्या लाइटमध्ये उजळ कातडी नुसती पांढरी दिसते, स्नायूंच्या रेषा पुसल्या जातात. म्हणून गडद तपकिरी टॅन लावतात, एकावर एक हात. पुरुषांना ते स्वतः लावायचे. त्यांच्याकडं आता दोन बायका तयार होत होत्या, त्यांना कोण लावणार? "एकमेकींना लावत्यात, पण पाठीवर पट्टे पडत्यात," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंदा आली. आंदर मावळातल्या एका वाडीची सून. घरची भातशेती, दोन म्हशी. नवरा सोपान कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. मी तिला पडद्याआड उभी केली आणि स्पंज घेतला. पडद्याच्या अलीकडं आमच्या नेहमीच्या काकू चेहऱ्याला ब्लीच लावून डोळे मिटून पडल्या होत्या.

आतून मंदाचा आवाज, "ताई, अजून एक हात मारा. अजून लय गोरी दिसतीय मी!"

काकूंनी खाडकन डोळे उघडले. "अगं, तिला काय लावतेयस ते मला दाखवून ठेव. चुकून मला लावशील!"

मी हसत होते, तेवढ्यात मंदानं सरांनी शिकवल्याप्रमाणे पाठ फुगवली. माझा स्पंज हातातच राहिला. इतकी वर्षं मी बायकांच्या पाठींना वॅक्स करतेय, पण माणसाच्या पाठीत एवढं सगळं असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं!

*

स्पर्धेच्या आधीचा आठवडा फार वाईट. पाणी मोजून, मीठ जवळजवळ बंद, गालफडं आत गेलेली. अशा अवस्थेत मंदा एसटीनं लोणावळ्याला यायची. त्यांच्या वाडीला एसटी येत नाही, आधी टेकडी उतरून फाट्यापर्यंत चालायचं.

एकदा शेजारी बसलेल्या मावशी तिच्याकडं बराच वेळ बघत होत्या. शेवटी राहवलं नाही त्यांना. "का गं पोरी, सासरी जेवाय देत न्हाईत व्हय?"

"देत्यात की मावशी."

"मग तोंड असं का झालंय? खरं सांग. मी कुणाला बोलायची न्हाई."

मंदा काय सांगणार? 'शरीरावरची चरबी काढतेय' म्हटलं असतं, तर मावशींनी तिला सरळ दवाखान्यात नेलं असतं! ती खिडकीबाहेर बघायला लागली. मावशींना काय समजायचं ते त्या समजल्या. डोळ्यांना पदर लावला त्यांनी.

कामशेतला मावशींचा स्टॉप आला. त्यांच्याकडं तांदळाचं पोतं होतं, सीटखाली सारलेलं. कंडक्टर म्हणाला, "थांबा, फाट्यावरनं कुणाला तरी बोलावतो." मंदा उठली, पोतं ओढून एका दमात खांद्यावर घेतलं, पायऱ्या उतरली, खाली ठेवलं आणि परत येऊन जागेवर बसली. कंडक्टर बेल मारायचीच विसरला!

बस सुटायच्या आत मावशी धावत खिडकीपाशी आल्या. "पोरी, तुझ्या सासरचा पत्ता दे. माझी धाकटी लग्नाची हाय, तिलाबी त्याच गावात देते!"

*

आता दुसरी, प्रतिभा. कामशेतच्या एका शाळेत पीटी शिकवते. चाळिशी उलटलेली, एक मुलगी कॉलेजात. बोलायला एकदम शांत. पण तिच्या तासाला पोरं श्वाससुद्धा विचारून घेतात म्हणे.

आमची पहिली स्पर्धा होती वडगावच्या एका मंगल कार्यालयात. पुरुषांचे ढीगभर गट, बायकांचा एकच, शेवटी जोडलेला. बायकांनी तयार कुठं व्हायचं, हा विचार कुणी केलाच नव्हता. संयोजक डोकं खाजवत फिरले आणि शेवटी आम्हाला वधूकक्षाची किल्ली दिली.

ती खोली बघण्यासारखी होती! भिंतीलगत लाल गाद्या, सोनेरी आरसा, कोपऱ्यात कुणाचा तरी राहिलेला गजरा. आणि मध्ये प्रतिभा, नखशिखांत तपकिरी, हात पाय पसरून उभी. टॅन ओला असताना बसायचं नाही, टेकायचं नाही, कशाला शिवायचं नाही. बाजूला मंदा रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढत होती. स्टेजवर जाण्याआधी स्नायू असे फुगवून घ्यावे लागतात.

एवढ्यात दार वाजलं. कार्यालयाचे म्हातारे मॅनेजर होते. त्यांना स्पर्धेचं कुणी सांगितलंच नव्हतं वाटतं. बाहेरून ओरडले, "मंडळी, आवरा! मुहूर्त टळंल! नवरी कुटं हाय?"

मी दार फुटभर उघडलं. प्रतिभानं डोकं बाहेर काढलं आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "मीच. काय काम आहे?"

म्हातारबुवांनी तिचा चेहरा पाहिला, मान पाहिली, खांदे पाहिले. दोन पावलं मागं सरकले आणि हात जोडून म्हणाले, "काय न्हाई बाई. तुमचं सावकाश होऊ द्या. मी नवरदेवाला सांगतो थांबायला!"

*

त्यानंतरच्या वर्षी मंदाच्या घरी भाताची कापणी आणि स्पर्धा एकाच वेळी आली. ती आली नाही. बाकी कुणी बायकांनी नाव दिलंच नव्हतं. गटात एकटी प्रतिभा!

संयोजक आत आला. वाईट माणूस नव्हता, घाईत होता. म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकट्याच आहात. पहिला नंबर तुमचाच. पोझिंगची काही गरज नाही, डायरेक्ट बक्षीस घ्यायला या. ट्रॅकसूट घालून आलात तरी चालेल."

आम्हाला वाटलं, सुटली! सकाळपासून पाण्याचा घोट नव्हता घेतला तिनं.

प्रतिभा म्हणाली, "नाही. सगळ्या पोझेस घ्या माझ्या. आणि कंपॅरिझनपण."

कंपॅरिझन म्हणजे दोघीतिघींना शेजारी उभं करून एकच पोझ द्यायला लावतात आणि जज तुलना करतात.

"अहो, पण कुणाशी कंपेअर करणार तुम्हाला?"

"मागच्या वर्षीच्या माझ्याशी करा!"

संयोजक हसला. पण त्याच्या मागं मुख्य जज उभे होते, पांढऱ्या मिशांचे, एके काळी स्वतः स्टेज गाजवलेले. ते हसले नाहीत. त्यांनी जाऊन माइक घेतला आणि पुरुषांच्या भरलेल्या गटाला देतात तशा एकेक पोझेस पुकारल्या. मध्येच म्हणाले, "क्रमांक एक, पुन्हा बॅक पोझ." एकटीच असूनही तिला नंबरानं हाक मारली! ती थरथरत होती, घाम टॅनमधून फुटत होता, पण एकही पोझ तिनं लवकर सोडली नाही.

शेवटी जजनी निकाल सांगितला. "क्रमांक एक पहिली. मागच्या वर्षीची दुसरी आली आहे. फार फरकानं!"

*

पुढं दोघींनी वरच्या पातळीवर नंबर काढले आणि प्रो, म्हणजे व्यावसायिक स्पर्धक, झाल्या. आता वरच्या स्पर्धा, मोठं स्टेज. आणि एक प्रो शो चक्क लोणावळ्यात आला, एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये. चांगले लाइट, गालिचा, बायकांना खरीखुरी ग्रीनरूम! पण नियम कडक. गटात निदान तीन जणी हव्यात, नाहीतर गट रद्द.

आमच्या दोघी होत्या. तिसरी कोल्हापूरची अश्विनी. नंदू सर तिचं नाव घेताना कानाला हात लावायचे. ती आली की पहिला नंबर तिचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

रविवारची दुपार, आणि तिचा फोन आला. एक्सप्रेसवेवर एक ट्रक आडवा झाला होता, ती उर्से टोलपाशी अडकली होती. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. संयोजक म्हणाले, पुरुषांचे गट संपेपर्यंत थांबू, मग बायकांचा गट रद्द करावा लागेल.

मी मंदाकडं बघितलं. महिनोन्‌महिने उपाशीपोटी पहाटे उठून केलेला व्यायाम, म्हशींचं सगळं करून, टेकडी उतरून. प्रतिभानं तर शाळेत बिनपगारी रजा टाकली होती. दोघी एकमेकींकडं बघत नव्हत्या.

मग मंदानं फोन घेतला. "अश्विनीताई, गाडीतनं उतरा. टोलच्या खाली उर्से गाव हाय, तितं चालत या. माझा मालक गाडी घेऊन येतोय."

सोपान मोटरसायकल काढून जुन्या हायवेनं सुटला.

अश्विनी आली ती धुळीनं माखलेली. अंगभर जॅकेट घातलेलं, तरी हातावरचा, मानेवरचा टॅन घामानं ओघळला होता. उतरली आणि रडायलाच लागली. मी स्पंज घेतला. प्रतिभानं तिचे केस धरले, मंदा तिच्या पायांना रंग लावायला गुडघ्यावर बसली. स्वतःचे स्नायू फुगवायची वेळ निघून चालली होती, तरी आपला रबरी पट्टा मंदानं तिच्या हातात दिला.

संयोजक दारातून बघत होते. न राहवून म्हणाले, "अहो, तुम्ही तिला मदत करताय? ती तुम्हालाच हरवणार आहे!"

मंदानं मान वर केली नाही. "हरवू द्या की! पर स्टेजवर उभी ऱ्हाऊन हरवू द्या."

आणि तसंच झालं. अश्विनी पहिली, मंदा दुसरी, प्रतिभा तिसरी. अश्विनीनं ट्रॉफी घेतली आणि दोघींना ओढून पहिल्या पायरीवर आपल्या शेजारी घेतलं. तिघी एका पायरीवर मावत नव्हत्या, एवढे खांदे!

*

पण त्या दुपारचा खरा किस्सा निकालाच्या आधीचा आहे. मी विंगेत उभी होते, म्हणून मला दिसला.

मंदाचे सासरे, आबा. आयुष्य शेतात गेलेलं. धोतर, टोपी, बोलणं मोजकं. सून जिमला जाते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कधी अडवलं नाही आणि कधी विचारलंही नाही. स्टेजवर किती तोकडे कपडे घालतात, हे घरात कुणी त्यांच्यापुढं बोलायचं धाडस केलं नव्हतं. स्पर्धा जवळच, लोणावळ्यात आहे म्हटल्यावर सकाळी तेच सोपानला म्हणाले, "मी बी येतो."

मंदाला कळलं तेव्हा ती आधीच टॅन लावून उभी होती. तिचा चेहरा मला रंगाखालूनसुद्धा उतरलेला दिसला. "ताई, आबा पुढं बसल्यात वो! मी कशी जाऊ?"

प्रतिभा तिला म्हणाली, "जशी दर वेळी जातेस तशी. आधी पाय टाक, मग बघू."

नाव पुकारलं. अनवाणी पायांनी मंदा लाइटमध्ये गेली. पहिल्या रांगेत आबा. त्यांनी एकदा वर बघितलं आणि लगेच मान खाली घातली. समोरून पोझ झाली, बाजूनं झाली. हॉल शिट्ट्या मारत होता, आबांची नजर जमिनीवर. मंदाचं हसू थरथरायला लागलेलं मला दिसत होतं. शेजारचा कुणी तरी आबांना कोपरानं ढोसत होता, "बघा की म्हातारबाबा!" आबा हलले नाहीत.

मग माइकवरून आवाज आला, "पाठीमागे फिरा. बॅक डबल बायसेप्स."

तिघी वळल्या. मंदाची पाठ आता प्रेक्षकांकडं होती. तिला आबा दिसणार नव्हते. तिनं हात वर केले, श्वास सोडला, आणि ती सगळी पाठ मानेपासून कमरेपर्यंत हळूहळू उलगडली.

आबांनी मान वर केली.

बराच वेळ ते बघत राहिले. मग खाली वाकले, पायांतल्या वहाणा काढल्या, खुर्चीखाली नीट सारून ठेवल्या, आणि उभे राहिले.