आकारामची बिनतारी मोटार

दुपारच्या बातम्यांना आमचा रेडिओ खरखरायला लागला, की मी ताडायचो, शेजारच्या आकारामनं मोटार बाहेर काढली. शहात्तर साल, आणीबाणी चालू आणि मी मलकापूरजवळच्या आमच्या गावाचा पोलीस पाटील. संशय घेणं माझं कामच होतं. खरं सांगायचं तर बिनपगारीही मी ते आवडीनं केलं असतं.

आकाराम अठराव्या वर्षी फौजेत गेला आणि तिथं बिनतारी संच दुरुस्त करायला शिकला. एकाहत्तरच्या लढाईत डावा पाय गुडघ्याखाली गेला, तसा पेन्शन घेऊन घरी आला. मग दोन वर्षं खपून त्यानं हातभर लांबीची मोटार बनवली. अंग पत्र्याचं, दातेरी चाकं मोडक्या घड्याळांची. खळ्याच्या कडेला बाजेवर बसून तो हातातल्या डब्याचा खटका दाबायचा, की वीस-पंचवीस पावलांवरची मोटार आपसूक वळायची. अडखळली, की तिथंच उलटी करून कानशीनं दाते घासायचा.

"मला पाय न्हाई, पर ही बांधापतुर जाऊन येती, पाटील," असं म्हणून हसायचा. मला त्या हसण्याचाही संशय यायचा. एवढा हुशार गडी खेड्यात बसून कुणाला निरोप धाडत असेल?

"परवाना कुठाय?" मी एकदा दरडावलं.

"अर्ज केलाय की. उत्तर आलं न्हाई अजून."

मला तेवढं पुरलं. 'संशयास्पद यंत्र, सरकारी बातम्यांत अडथळा' असा रिपोर्ट मी कराडला धाडला. दोन शिपाई आले आणि मोटार, डबा, सगळं पोत्यात भरून घेऊन गेले. आकाराम भांडला नाही. "वर वजन ठिवू नगा, चाकांची आस वाकंल," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बातम्या लागल्या आणि रेडिओ तसाच खरखरला. तिसऱ्या दिवशीही तेच. दुसरं यंत्र लपवलंय म्हणून मी पंच घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. हाती काही लागलं नाही. शेवटी आमच्या एरियलची तार तपासायला भर दुपारी माळवदावर चढलो, तर तारेवर माझ्या बायकोचं, राहीबाईचं, ओलं लुगडं वाऱ्यानं हेलकावत होतं. ते काढलं, तशी खालून बातमी स्वच्छ ऐकू आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिपोर्ट मागं घ्यायला चार महिने खेटे घातले. मोटार मिळाली तेव्हा आस वाकलेली होती आणि आतल्या तारा गंजून गेल्या होत्या. ती आकारामच्या पुढ्यात ठेवून मी लुगड्याची गोष्ट कबूल केली. त्यानं चाक बोटानं फिरवून बघितलं. ते फिरलं नाही.

"लुगड्याचं ठाऊक हुतं मला," तो म्हणाला. "तुमचा रिपोर्ट जायच्या आदीच वैनींना सांगून आलो हुतो, तार मोकळी ठेवा म्हणून. तुमी तवा गावात नव्हता."

मी तणतणत घरी आलो. "त्यानं सांगितलं हुतं, तर मला का बोलली न्हाईस?"

राहीबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंही नाही. "आवं, सांगितलं असतं, तर 'मी नसताना त्यो घरी कशाला आला हुता?' ह्येच इचारत बसला असता तुमी."

आकारामच्या तोंडून ऐकलं, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी तेच आलं होतं.