सदाची बीएस्सी

"सदाभाई उठ नहीं रहा," असा त्याच्या रूममेटचा फोन आला तेव्हा मी दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात होतो. उम्म अल कुवैनला त्याच्या खोलीवर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला गावी पाठवायचे कागद मीच केले, तेव्हा त्याचा पासपोर्ट हातात आला. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर परदेशी नोकरीबाबत एक शेरा असतो. तो सदाच्या पासपोर्टवर होता... चुकून राहिला असेल, म्हणून कुडाळला वहिनींना विचारलं. "कसली बीएस्सी, भावजी? नववीत शाळा सोडली ह्यांनी. रोपवाटिकेत होते कामाला."

बारा वर्षं हा माणूस मला सांगत होता, मी बॉटनीचा बीएस्सी. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. "आमच्याकडेपण मीच पहिला," असं तो म्हणाला आणि आमची दोस्ती जमली. ऑफिसातल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना यातलं काही कळत नाही. त्याला कळतं, असं मी धरून चाललो होतो.

रस्त्याकडेची झाडं लावणाऱ्या कंपनीत तो सुपरवायझर. सुट्टीच्या दिवशी उजाडताच मला वाळवंटात न्यायचा. गाफचं झाड दाखवून एकदा म्हणाला, "ओळख बघू, पदवीधरा! अरे, आपली शमी ही. पण फांदी मोडशील तर यल्ला, थेट पोलीस स्टेशन." मग दर दसऱ्याला आम्ही त्या झाडाला नुसता हात लावून नमस्कार करायचो. तिथंच बसून एकदा मी आमच्या फोरमनला शिव्या घालत होतो. म्हटलं, "नववी नापासांकडून अपेक्षा तरी काय करायची?" सदा हसला, थर्मासमधला चहा ओतत म्हणाला, "खरंय तुझं." ...ते हसणं आता मला सुखानं जेवू देत नाही.

खरं सांगितलं असतं तर मी दोस्ती केली असती का? कदाचित नसती. पण ते माझं मला ठरवू द्यायचं होतं. त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

गेल्या सुट्टीच्या दिवशी वाळवंटात एकटाच गेलो. वाळूवर किड्याच्या पावलांची शिवण घातल्यासारखी रेघ होती. अशी रेघ दिसली की सदा मोठी ढांग टाकून पलीकडे जायचा, ती मोडायचा नाही. मी मुद्दाम तिच्यावर पाय द्यायला निघालो, पण पाय आपसूक उचलला गेला. पलीकडे उभा राहून मी सदाला मोठ्यानं शिवी दिली. बारा वर्षांतली पहिली.