काकूंचा आवडता शब्द

एकाहत्तरच्या लढाईत रांझीच्या आमच्या लष्करी कारखान्याच्या क्वार्टरांतले पुरुष हवाई हल्ल्याच्या भोंग्याला घाबरले नसतील इतके वरच्या मजल्यावरच्या काकूंना घाबरत. भोंगा वाजला तर निदान खंदकात लपता येई. काकू मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवत आणि शब्दाचं मूळ सांगितल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. भाजीवाला तर भोपळ्याची वंशावळ निम्मी होताच कोथिंबीर फुकट देऊन पुढे पळायचा. एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण त्यांचा सर्वांत आवडता शब्द होता योनी, आणि आपण कोपर म्हणावं तितक्या सहज तो त्या जिन्यात, नळावर, रेशनच्या रांगेत म्हणत.

"काहून लाजून राहिले सारे?" त्या विचारत. "जुन्या संस्कृतात योनी म्हणजे घर. पाखराचं घरटं, अग्नीची बसायची जागा, जिथून आपण निघालो ते ठिकाण. एकेक अर्थ गळत गेला, एक उरला, अन् त्यालाही तुम्ही 'तिकडे' करून टाकलं!"

एकदा कीर्तनात बुवा चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्याबद्दल बोलत होते. सगळे हात जोडून माना डोलावत होते. काकू उभ्या राहिल्या. "बुवा, तुम्ही लाखांनी म्हणता तर हे लोक हात जोडतात. मी एक म्हटली तर डोळे काहून वटारतात?" काका, म्हणजे त्यांचे यजमान, त्या दिवशी प्रसाद न घेताच सायकल काढून गेले.

तेव्हा आमच्यात पद्धत अशी होती की कारखान्याच्या दवाखान्यात बाईचं दुखणं नवऱ्यानं सांगायचं. ती पदर सावरून मागे उभी राही. घशाच्या खाली आणि गुडघ्याच्या वर बाईला जे काही होईल त्याला आम्ही 'पेट' म्हणत असू. माझ्या निर्मलाला रक्त जाऊ लागलं, तेव्हा तिनं मला "तिकडे" म्हणून सांगितलं आणि मी डॉक्टरांना "इनके पेट में तकलीफ है" म्हणून सांगितलं. गॅसच्या गोळ्या मिळाल्या. त्या 'पेट'ची लाज मला अजून वाटते.

मग लढाई पेटली. दोन-दोन पाळ्या सुरू झाल्या, सुट्ट्या बंद झाल्या. बायकांना दवाखान्यात घेऊन जायला कोणी उरलं नाही. काकूंनी नळावर जाहीर केलं, "चलो! दुभाषे कामावर अडकले. आता आपलं आपण बोलू." आणि घागरी भरता भरता त्यांनी निर्मलाकडून तो शब्द घोकून घेतला. आधी कुजबुजत, मग मोठ्यानं.

मी घरी आलो तेव्हा निर्मला दारातच वाट बघत होती. "मी सांगितलं," ती म्हणाली. "योनीत गाठ आहे म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहले क्यों नहीं बताया? और देर होती तो बचना मुश्किल था." ऑपरेशन झालं. निर्मला वाचली.

मी खोव्याची जिलेबी घेऊन वर गेलो. "जिलेबी ठेव," काकू म्हणाल्या, "अन् एकदा म्हण." मी चपलांकडे बघत राहिलो. "चलो, उद्या," त्या म्हणाल्या. पुढे जिन्यात भेटलो की त्या भुवया उंचावत, मी घाईत असल्याचं दाखवी, आणि त्या हसून म्हणत, "उद्या!" काका गेले, काकू निवृत्त झाल्या, तरी माझा उद्या काही उजाडला नाही.

शेवटी काकूच दवाखान्यात पडल्या. त्यांचा भाचा डॉक्टरांना सांगू लागला, "मौसीजी को पेट में..." निर्मला पुढे झाली. "पेट नहीं, डॉक्टरसाहब," ती म्हणाली, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा तिनं तो शब्द उच्चारला.

काकूंनी डोळे उघडले. "अर्थ?"

"घर," निर्मला म्हणाली.

काकूंचा चेहरा निवला. मग दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी पाहिलं. "अन् तू रे?" मी पाणी आणायला वळलो. "चलो, उद्या," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा खाटेवरची चादर बदललेली होती.

आता मी हे लिहीत बसलोय आणि निर्मला आतून विचारतेय, "काय लिहून राहिले?"

"काकूंवर."

"मग मोठ्यानं वाचा."

मी वाचतो आहे. त्या शब्दापाशी आवाज जरा खाली येतो, पण थांबत नाही.